पडल्या-झडल्याची वही

दहा वाजून दहा मिनिटांनी बालवाडीत हात धुण्याची रांग लागते. सतरा मुलं, तीन नळ, आणि मधला नळ सगळ्यांनाच हवा, कारण त्याला पाणी जरा जोरात येतं. नळ बसवणाऱ्यानं ते स्वतःच्या उंचीच्या अंदाजानं बसवले असावेत. ठेंगण्या मुलांना टाचा उंचावून दोन्ही हात ताणावे लागतात. मुंगीनं तसे ताणले, तिची सैल बाही खांद्याकडे घसरली, आणि साबणाची वडी धरून शेजारी उभ्या असलेल्या वर्गाच्या बाईंना तिच्या डाव्या दंडावर चार डाग दिसले. एका ओळीत चार, जांभळट, शेवटचा जरा फिका. बाई वाकल्या. दंडाच्या आतल्या बाजूला पाचवा होता, एकटाच आणि मोठा. काही ठरवायच्या आत त्यांचा उजवा हात पुढे झाला होता आणि बोटं त्या डागांच्या वर, न टेकता, थांबली होती. पाचही बोटं बरोबर बसत होती. बाईंचा हात लहान आहे, बांगडीवाल्याला नेहमी आतला डबा उघडावा लागतो. म्हणजे हे डाग उठवणारा हातही तेवढाच लहान होता. मुंगीनं पाणी झटकलं, आणि मग ओल्याच बोटांनी बाही मनगटापर्यंत ओढून घेतली, सगळीकडून सारखी. साडेतीन वर्षांचं मूल कपडे असे नीट करत नाही. मागच्यानं ढकललं तशी ती बाजूला झाली आणि खाऊच्या चटईवर आपल्या जागी जाऊन बसली. साबणाची वडी बाईंच्या हातातून सुटून मोरीत पडली होती, आणि एक मुलगा हसत होता.

मुंगी हे नाव मावशींनी ठेवलेलं. मावशी म्हणजे वर्गाची झाडलोट करणाऱ्या, मुलांना शी-शूला नेणाऱ्या, आणि शाळा खरं तर आपल्यामुळेच चालते असं मनोमन मानणाऱ्या. बाकीची मुलं ठोकळ्यांची टोपली उपडी करतात. ही एकेक ठोकळा उचलून भिंतीपाशी नेते, ठेवते, परत येते. बोलत जवळजवळ नाही. पहिल्या महिन्यात बाईंना ती जरा मंद वाटली होती. आता खाऊच्या डब्यातली केळ्याची चकती ती दाताखाली धरून बसली होती, चावत नव्हती, आणि बाई समोरच्या खुर्चीत बसून तिच्याकडे न बघण्याचा प्रयत्न करत होत्या. त्यांना भीती वाटत होती. पण त्या भीतीत एक जुनी ओळखही होती, आणि ती ओळखच जास्त नकोशी होती.

काय करायचं हे त्यांना माहीत नव्हतं असं नाही. गेल्या वर्षी सरकारी कार्यालयातून एक अधिकारी बाई आल्या होत्या, मुलांच्या खुर्च्यांवर सगळ्या शिक्षिकांना गुडघे पोटाशी घेऊन बसवलं होतं आणि दोन तास समजावलं होतं. मुलाला कोणी मारतंय, छळतंय अशी शंका आली तर कळवायचं. कळवणं हे उपकार नाहीत, बंधन आहे. पुरावा शोधणं तुमचं काम नाही, शंका पुरेशी आहे. आणि कळवायचं ते ज्याला दिसलं त्यानं. वरच्यांना सांगितलं की आपली सुटका झाली असं समजू नका. फोन नंबराचं कार्ड तेव्हापासून खडूंच्या कपाटाच्या दाराला आतून चिकटवलेलं होतं. बाई रोज ते दार उघडत, खडू काढत, लावत. तो नंबर त्यांना पाठ झाला होता, जसा रोज दिसणाऱ्या दुकानाचा होतो. आत कधी जायचं नसतं, एवढंच.

अडचण नंबराची नव्हती, वहीची होती. शाळेत एक वही असते, निळ्या पुठ्ठ्याची, पडल्या-झडल्याची. मूल पडलं, चावलं, दारात बोट सापडलं की त्यात तारीख, वेळ, काय झालं, काय केलं ते लिहायचं, आणि मूल न्यायला आलेल्या पालकांनी खाली सही करायची. चांगली पद्धत आहे. ना त्यांना शंका, ना आपल्याला बोल. दुपारी बाराला मावशी ती वही दाराजवळच्या स्टुलावर नेऊन ठेवतात, दोरीनं बांधलेल्या पेनासकट. आणि त्या वहीत गेल्या चार महिन्यांत मुंगीच्या नावावर तीन नोंदी होत्या, तिन्ही बाईंच्या वळणदार अक्षरात, आणि तिन्ही खोट्या.

पहिली तर मुद्दाम खोटी नव्हती, असं बाई स्वतःला सांगत आल्या होत्या. त्या दिवशी मुलं अंगणात होती आणि बाईंना लेकीचा फोन आला होता. चार मिनिटं त्या जिन्याखाली जाऊन बोलल्या. चारच. मावशी आत फरशी पुसत होत्या. परत आल्या तर सगळं जिथल्या तिथे. पण नंतर मुंगीचा ओला फ्रॉक बदलताना पाठीवर लांबट खरचटल्यासारखं दिसलं, आणि बाईंना लगेच वाटलं: माझी पाठ वळली आणि ही घसरगुंडीवरून पडली. चोराच्या मनात चांदणं. त्यांनी वही ओढली आणि लिहिलं: दहा चाळीसला घसरगुंडीवरून घसरली, बाई जवळच होत्या, लगेच बर्फ लावला. बर्फ शाळेत नव्हताच. दुपारी मुंगीची आई आली. नीटनेटकी, हळू बोलणारी, कुठल्यातरी दवाखान्यात खिडकीशी बसून नावं लिहून घेणारी. तिनं ती नोंद वाचली आणि तीन ओळींना लागतो त्याहून बराच जास्त वेळ ती वहीकडे बघत राहिली. मग तिनं मान वर करून हसून म्हटलं, "होतं हो बाई असं. मुलं म्हटली की पडायचीच. तुम्ही तरी किती जणांना पुऱ्या पडणार?" आणि सही केली. सुंठीवाचून खोकला गेला म्हणून बाई त्या रात्री निवांत झोपल्या. त्या लांबलेल्या नजरेचा अर्थ लागायला त्यांना तीन आठवडे लागले.

तीन आठवड्यांनी सकाळी मुंगीला सोडायला आली तेव्हा आईनं स्वतःच मुलीचे केस कानामागे सारून दाखवलं. कानाची पाळी वरच्या बाजूला सुजलेली, लालबुंद. "काल पडली वाटतं तुमच्याकडे," ती म्हणाली, आवाजात तक्रार अशी नाहीच, "वहीत राहून गेलं का? असू दे, नंतर लिहा. मी सही करेन." काल मुंगी पडली नव्हती. काल ती दिवसभर भिंतीपाशी ठोकळे नेत होती. बाईंनी तोंड उघडलं, आणि आई शांतपणे त्यांच्याकडे बघत राहिली, उत्तराची अजिबात घाई नसल्यासारखी. त्या बघण्यात पहिली नोंद होती, बर्फ होता, जिन्याखालची चार मिनिटं होती. तिला ती चार मिनिटं माहीत असणं शक्य नव्हतं, पण या शिक्षिकेला काहीतरी झाकायचंय एवढं तिनं ओळखलं होतं, आणि तेवढं तिला पुरत होतं. बाईंनी लिहिलं: काल अकराच्या सुमारास दाराची कड कानाला लागली. तिसऱ्या वेळी आईनं कारण शोधणंही बाईंवर सोडलं नाही. "टेबल लिहा ना," म्हणाली. मुलं खेळात म्हणतात तशी अळीमिळी गुपचिळी. फक्त इथं खेळणाऱ्या दोघी मोठ्या होत्या आणि जी खेळत नव्हती ती मध्ये उभी राहून एकीचा हात सोडून दुसरीचा धरत होती.

"बाई, हिनं खाल्लं नाही," मावशी म्हणाल्या.

"राहू दे. डबा तसाच बंद करा."

"आजकाल रोजच घास धरून बसते. दाढ दुखत असेल." मावशींनी मुंगीची हनुवटी धरून तोंड उघडायला लावलं, आत पाहिलं आणि झटकन हात काढून घेतला. जाताना त्या पुटपुटल्या, "आपल्याला काय बाई, आपण केरवारे करणारे."

खाऊनंतर मुलं चित्रं काढायला बसली आणि बाई खिडकीशी उभ्या राहिल्या. आपण पाच बोटांचा डाग इतक्या चटकन कसा ओळखला, हा प्रश्न कोणी विचारलेला नव्हता. पण उत्तर येऊन शेजारी उभं राहिलं होतं. त्यांची लेक तेव्हा चार वर्षांची होती. जिन्याच्या वळणावर बसली होती, बूट घालणार नाही म्हणून. नोकरीची वेळ टळत होती, नवरा आधीच निघून गेला होता, खालून शेजारीण विचारत होती, काय झालं गं. काय झालं होतं ते बाईंना आजही धड आठवत नाही. आठवतो तो हाताखालचा दंड, मऊ, भिजवलेल्या कणकेसारखा, आणि पकडताना आतून वर आलेलं समाधान. हो, समाधानच, दुसरा शब्द खोटा ठरेल. संध्याकाळी आंघोळ घालताना चार आणि एक डाग दिसले. मग तीन दिवस, ऐन उन्हाळ्यात, त्यांनी लेकीला लांब बाह्यांचा फ्रॉक घालून शाळेत धाडलं. तिसऱ्या दिवशी आणायला गेल्या तर लेकीच्या शिक्षिका दारात बसल्या होत्या, उकाड्यानं मुलीची बाही वर सारत. त्यांनी डाग पाहिले. मग वर पाहिलं. मग बाही खाली घेतली, मनगटाची गुंडी लावली आणि म्हणाल्या, "उद्या सुट्टी आहे हं." त्या शिक्षिकेबद्दल बाईंना कितीतरी वर्षं कृतज्ञता वाटत आली होती. किती समजूतदार, किती माणुसकीची. त्यानंतर आपण लेकीवर हात टाकला नाही कधी, असं बाई म्हणत. कधी नाही म्हणजे दोनदा. आता लेकीला स्वतःचा मुलगा आहे, दोन वर्षांचा, आणि बाई दर सुट्टीत म्हणतात, ठेव ना त्याला माझ्याकडे चार दिवस, माझं तर कामच आहे ते. लेक हसून म्हणते, "कशाला आई तुला त्रास, आम्ही करतो काहीतरी." दरवेळी तेच वाक्य, दरवेळी तसंच हसून. त्या वाक्याचा अर्थ इतकी वर्षं बाईंना लागत नव्हता, आणि आज सकाळी नळापाशी लागला. त्या समजूतदार शिक्षिकेनं गुंडी लावली ती आईला वाचवायला, आणि ती गुंडी लेकीच्या मनगटावर अजून लागलेलीच होती.

साडेदहाला त्या मॅडमच्या खोलीत गेल्या. मॅडम म्हणजे शाळेच्या मालकीणबाई आणि मुख्याध्यापिकाही. मॅडम वाईट नव्हत्या. मुलांचा घसा बसला तर घरून काढा करून आणत. त्यांनी सगळं ऐकून घेतलं, चष्मा काढून पुसला आणि निळी वही मागवली.

"एक, दोन, तीन. तिन्ही तुमच्याच हातच्या."

"खोट्या आहेत त्या."

"हे आता सांगताय?" मॅडमनी दार लोटून घेतलं. "बसा. हे बघा, मी तुमच्या भल्याचं सांगते. उद्या चौकशी आली तर ते पहिल्यांदा काय मागतील? ही वही. यात काय दिसतं? मूल पडतं ते आपल्याकडे. घसरगुंडी आपली, दार आपलं, टेबल आपलं. आणि आई? ती बिचारी दरवेळी सही करते, एका शब्दानं बोलत नाही. आपलेच दात, आपलेच ओठ."

"पण डाग आहेत, मॅडम. बोटांचे."

"कोणाच्या बोटांचे, हे कोण सांगणार? मुलगी बोलत नाही." मॅडमनी बाईंच्या हाताकडे पाहिलं नव्हतं, पण बाईंनी तो मांडीवरून काढून पदराखाली घेतला. "सोमवारपर्यंत थांबू. मी आईशी गोडीगुलाबीनं बोलते. झाकली मूठ सव्वा लाखाची. सोळा मुलं आणखी आहेत आपल्याकडे, त्यांच्या आया काय म्हणतील?"

आज गुरुवार होता. सोमवारपर्यंत चार रात्री. बाईंनी मान हलवली, आणि मान हलवताना त्यांना कळलं की आपण होकार देत नाही आहोत, नुसती मान हलवतो आहोत, आयुष्यभर हलवली तशीच. वही घेऊन त्या वर्गात आल्या. छोट्या टेबलापाशी, गुडघे वर घेऊन बसल्या आणि नवीन पानावर लिहू लागल्या. वहीतलं खोडायचं नाही, असा नियम आहे; चूक झाली तर खाली दुरुस्ती लिहायची. त्यांनी लिहिलं: आज सकाळी हात धुताना डाव्या दंडावर बोटांचे पाच डाग दिसले. मुलगी शाळेत पडलेली नाही. आधीच्या तीन नोंदी खोट्या आहेत, त्या मी लिहिल्या, मुलगी तेव्हाही पडली नव्हती. खाली सही केली. अक्षर नेहमीसारखंच वळणदार आलं, त्याची त्यांना लाज वाटली. मग कपाटातलं कार्ड न बघता त्या गाद्यांच्या खोलीत गेल्या, दार लावलं, आणि पाठ असलेला नंबर फिरवला.

पलीकडचा माणूस तरुण वाटत होता, सर्दी झालेला. मुलाचं वय, पत्ता, काय दिसलं. मग म्हणाला, "आधीची काही लेखी नोंद?"

"आहे. खोटी आहे."

"कोणी केली?"

"मी." पलीकडे लिहिल्याचा आवाज. बाई गाद्यांच्या ढिगाला टेकल्या. "माझं आधी लिहून घ्या हवं तर. पण तिचं सोमवारवर नका टाकू."

"कोणावर काही टाकत नाही आम्ही. माणसं पाठवतो. दीड होईल पोचायला. मुलगी घरी किती वाजता जाते?"

"साडेबाराला."

"मग थांबवून ठेवा तिला."

"कशी?"

"ते तुम्ही बघा, मॅडम. आणि एक करा, आईला आधी काही कळू देऊ नका."

फोन ठेवल्यावर बाईंना बरं वाटायला हवं होतं. वाटलं ते एवढंच की आता दुपारचा एक तास मध्ये आहे आणि तो आपल्याला ओलांडायचाय. त्यांनी कारणं जुळवली. मुलीच्या पोटात दुखतंय, झोपलीय, उठली की सोडते. किंवा आज दात बघायला डॉक्टर येणार आहेत. आयुष्यात पहिल्यांदा खरं बोलून झाल्यावर लगेच खोटं शोधावं लागत होतं आणि ते सुचत नव्हतं. एरवी बर्फ किती सहज सुचला होता. बाराला मॅडम कामासाठी बाहेर गेल्या. अशा दिवशी त्यांना नेमकं बाहेर काम निघतं. मुलं मातीकामाला बसली. बाई मुंगीच्या शेजारी बसल्या. मुंगीनं मातीच्या बारीक गोळ्या केल्या आणि ओळीत लावल्या. चार लावल्या. बाई बघत राहिल्या, पण तिनं पाचवीही त्याच ओळीत लावली, आणि सहावी, आणि सातवी. मुलं सूचना देत नसतात. आपणच त्यांच्यात शोधत बसतो.

"हात दुखतो का गं?" बाईंनी हळूच विचारलं.

मुंगीनं त्यांच्याकडे पाहिलं. मग तितक्याच हळू म्हणाली, "मी पडले."

"कुठे पडलीस?"

"शाळेत." आणि आठवी गोळी लावली.

बारा वीसला इतर आया, आजोबा, एक काका येऊ लागले. दप्तरं, डबे, चपला, अदलाबदल झालेली टोपी. बाई हसत होत्या, बोलत होत्या, मुलांना हवाली करत होत्या, आणि या गडबडीतच मुंगीला नळापाशी नेऊन तिच्या हाताची माती धूत होत्या, उगाच, वेळ काढायला, दोन्ही बाह्या कोपराच्या वर सारून. हात कधीच स्वच्छ झाले होते. तेव्हा त्यांना वही आठवली. वही आपण छोट्या टेबलावर ठेवली होती. त्यांनी वळून पाहिलं. टेबल पुसून लख्ख केलेलं होतं. मावशी बाराला वही स्टुलावर नेऊन ठेवतात. गेली अकरा वर्षं ठेवतात. आज ठेवू नका असं त्यांना कोणी सांगितलं नव्हतं.

मुंगीला हाताशी घेऊन त्या जवळजवळ धावतच दाराशी आल्या. आई आलेली होती. दोरीचं पेन तिच्या हातात होतं, वही उघडी होती, आणि ती हसून म्हणत होती, "आज पण काही आहे वाटतं?" न वाचताच तिनं खाली सही केली, सवयीची, एका झटक्यात. हल्ली ती वाचत नसे. काय लिहायचं ते तिनंच सांगितलेलं असे. मग पेन ठेवता ठेवता तिची नजर पहिल्या ओळीवर गेली. ती थांबली. तिनं सगळं वाचलं, शेवटपर्यंत, पहिल्या वेळी वाचलं होतं तितक्याच सावकाश. मागे शेवटचं मूल आजोबांचं बोट धरून पायऱ्या उतरत होतं. भिंतीवरच्या घड्याळात साडेबाराला तीन मिनिटं कमी होती.

"तीन खोट्या," आई म्हणाली. आवाज चढलेला नव्हता, उलट तिला बाईंची काळजी वाटत असावी असा होता. "मग चौथी खरी कशावरून, बाई?"

आईनं वही मिटली, स्टुलावर सरळ ठेवली, आणि हात पुढे केला. "चल गं. घरी जाऊ."

मुंगी निघाली. रडली नाही, मागे वळली नाही, ज्या हाताकडे बोलावलं तिकडे निघाली, एकेक ठोकळा नेते तशी. आणि बाईंनी तिला धरलं. नुसतं धरायचं होतं. एक तास, एकच तास. "थांब," त्या म्हणाल्या, "थांबा, तिला आत्ता नाही नेता येणार," पण जोर सगळा हातात उतरला होता. समोर आईचा हात तसाच पुढे होता, लहान, निमुळता. आईनं बाईंच्या हाताकडे पाहिलं, आणि तिच्या चेहऱ्यावर पुन्हा ते पहिल्या दिवशीचं हसू आलं. तेव्हा बाईंनीही खाली पाहिलं. कोपराखालच्या उघड्या हातात आपली चार बोटं रुतलेली त्यांना दिसली, नखं पांढरी पडेपर्यंत. अंगठा दिसत नव्हता, तो आतल्या बाजूला होता.

त्यांनी सोडलं नाही. सोडलं तर ती जाईल, आणि धरलं तर हे असं. मुंगीनं हात हिसकला नाही. तिनं खांदा जरा वर घेतला, मान त्या बाजूला कलती केली, कुठल्याशा जुन्या सवयीनं अंग सैल सोडलं. मग दुसरा हात आणून तिनं वर सरलेली बाही धरली आणि हळूहळू खाली ओढली, सगळीकडून सारखी, मनगटापर्यंत, बाईंची बोटं पूर्ण झाकली जाईपर्यंत.